तोंडीचे गुण

गावंडे गुरुजींनी दौत जवळ ओढली, टाक बुडवला आणि निजामुद्दीन मास्तरांनी वच्छलाच्या नावापुढे घातलेलं शून्य खोडून टाकलं. एका रेघेनं समाधान झालं नाही म्हणून वरून आणखी एक मारली. शेजारी आपल्या वळणदार अक्षरात पास होण्यापुरते गुण लिहिले, सही ठोकली आणि टीपकागद दाबून धरला.

"झालं," ते म्हणाले. "याला म्हणतात निकाल."

टेबलापलीकडे निजामुद्दीन मास्तर उभे होते. खुर्ची रिकामी होती, पण गुरुजींनी बसा म्हटलं नव्हतं आणि न सांगता बसणाऱ्यांपैकी मास्तर नव्हते.

"गुरुजी, तोंडीत पोरगी एक शब्द बोलली नाही," मास्तर म्हणाले. "मी सोपे प्रश्न विचारले. तिचं नाव विचारलं, तरी गप्प."

"ती बोलली नाही हा तिचा मठ्ठपणा. तुम्ही शून्य दिलंत हा तुमचा."

"एक लेकरू राहिलं नापास तर काय बिघडते?"

गुरुजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. काय बिघडतं हे या माणसाला समजावून सांगायचं म्हणजे म्हशीला घड्याळ दाखवण्यासारखं होतं. सातवीचा निकाल पूर्ण लागला की बदल्यांच्या वेळी त्या हेडमास्तरचं नाव वर जातं, असं डिप्टीसाहेब तपासणीला आले तेव्हा स्वतःच्या तोंडानं बोलून गेले होते. पण ज्याला संध्याकाळी सायकलवर टांग टाकून मंगरूळचं घर गाठण्यापलीकडे जगात काही दिसत नाही, त्याला हे कशाला सांगायचं?

"तुम्ही या," गुरुजी म्हणाले.

मास्तरांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, टोपी काढून कपाळ पुसलं आणि ते गेले. माणसं अशी मुकाट निघून गेली की गुरुजींना बरं वाटे.

एप्रिल संपत आला होता. शाळा सकाळची झाली होती. दहाच्या पुढे पत्र्यांखाली बसवत नसे. पोरं पळून गेली की शाळेत गुरुजी एकटेच उरत, नकाशांच्या गुंडाळ्या बांधत आणि संपलेल्या वर्षाचा मनाशी निकाल लावत. चिंचटेकच्या या शाळेत दरवर्षी ते हेच करत आणि दरवर्षी त्यांना जगाबद्दल एखादी नवी वाईट गोष्ट सापडे. हाताखालचा एक मास्तर शाळेच्या वेळात स्वतःच्या भुईमुगाला पाणी द्यायला जाई. दुसरा वर्गात झोपे आणि पोरांना पाढे म्हणायला लावी, म्हणजे त्या तालावर झोप मोडत नसे. निजामुद्दीन या दोन्हींत बसत नव्हता, पण गुरुजींच्या मते तो सर्वांत कुचकामी, कारण पोरं त्याला भीत नसत.

पोरांचं तर बोलायलाच नको. कापूस वेचायला आला की वर्ग अर्धा होई, तूर सोंगायला आली की आणखी अर्धा. दुष्काळाच्या साली सगळे हजर होते, कारण शाळेत खायला सुकडी मिळायची. सुकडी बंद झाली तशी विद्येची गोडीही संपली. आणि आईबाप! वर्षभर शाळेचं तोंड न पाहणारे आईबाप एप्रिलमध्ये काकड्या, लिंबं घेऊन दारात उभे: "पास करजा गुरुजी." सरपंच उकंडराव त्यातल्या त्यात खानदानी. ते काकड्या आणत नसत, निरोप पाठवत. सही करताना जिभेचं टोक बाहेर काढणारा हा माणूस शाळा समितीचा अध्यक्ष होता. गुरुजींनी एकदा भर सभेत त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवून सहीची जागा बोटानं दाखवली होती. लोक हसले होते. उकंडरावही हसले होते, पण थोडे उशिरा.

गुरुजी कारंज्याचे. तिथे घर होतं, पत्नी होती, पंखा होता, आणि पेपर त्याच दिवशी मिळत होता. चिंचटेकला यायचं तर एस.टी.तून आसेगावला उतरून पुढे गाडीवाट तुडवावी लागे. तिथे जाताना डोक्यावरची टोपी सरळ राहत नाही, आणि तिथून आल्यावर डोकं, असं ते कारंज्यात लोकांना सांगत. या जूनला ते सगळं संपणार होतं. बदलीचं नक्की झालं होतं. उकंडरावांचे साडू झेडपीत मेंबर होते आणि उकंडरावांनी शब्द टाकला होता. वच्छला उकंडरावांची नात होती, हे खरं. पण गुरुजींनी शून्य खोडलं ते शाळेच्या निकालासाठी. उकंडरावांसाठी नव्हे. हे त्यांनी स्वतःला दोनचारदा नीट बजावून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कपाटाचं कुलूप लावत होते, तेव्हा दाराशी बांगड्या वाजल्या. उंबऱ्याबाहेर, डोक्यावरून पदर ओढून, अर्धी पाठ फिरवून एक बाई उभी होती. हातात झाकलेला गडवा. रुखमाबाई, उकंडरावांची थोरली सून. तिचा नवरा विहिरीचं काम चालू असताना दरड ढासळून गेला होता, तेव्हा वच्छला पहिलीत होती. त्यानंतर रुखमाबाई रस्त्यानं चालताना कधी दिसली नव्हती. शेतात जातानाही ती गावाबाहेरून जाई.

"माह्या पोरीचं, गुरुजी..."

"तुमच्या पोरीचं झालं आहे," गुरुजी म्हणाले. "पास आहे. तुमच्या सासऱ्यांना सांगा. आणि ते ताक परत न्या. मी कुणाच्या घरचं काही घेत नाही."

"मले मालूम पडलं पास केली म्हनून. तवाच आली जी मी." तिनं गडवा उंबऱ्याशी टेकवला. "तिले नापास करा."

गुरुजींच्या हातात किल्ली तशीच राहिली. आजवर या दारात अनेक मूर्ख मागण्या झाल्या होत्या. जन्मतारीख बदला, पोराला एकदम दोन वर्गांनी पुढे ढकला, बैल विकायला जायचंय म्हणून परीक्षा उद्या घ्या. पण ही मागणी नवी होती. ते जरा खुशही झाले. कारंज्यात सांगायला एक गोष्ट मिळाली.

"कुण्या देवऋषीनं सांगितलं? पास झाली तर कोप होईल म्हणून?"

"देवरुषी कायले सांगन?" रुखमाबाई म्हणाली. "सोयरीक आली तिची. कारंज्याची. पोरगं... पोरगं कायचं, बिजवर हाय. जिनिंगात कारकून हाय. पयली बाई बाळंतपनात मेली. दोन लेकरं हायेत. त्याईले सातवी पास पोरगी पायजे, लेकराईचा अभ्यास घ्याले."

गुरुजींनी कपाटाचं दार पुन्हा ओढून पाहिलं.

"मामंजीनं जबान देल्ली. पोरगी पास झाली का याच वैशाखात लगन."

"आणि नापास झाली तर?"

"तं थे दुसरी पाह्यतीन. त्याईले घाई हाय. घरी भाकरी थापाले कोनी नाही." ती भिंतीकडे बोलत होती. "मामंजीले सातवीचं लय वेड. सातवी झाल्याबिगर चांगलं घर भेटत नाही म्हनते. म्हनतीन, बस अजून एक साल."

"आणि पुढच्या साली?"

"पुढच्या सालचं पुढच्या साली पाहू जी. पोट्टी एक साल मोठी तं होईन."

बाहेर कडुनिंबाखाली एक कुत्रं धापा टाकत होतं. गुरुजींनी किल्ली खिशात टाकली, पुन्हा बाहेर काढली.

"हे तिला माहीत आहे? वच्छलाला?"

"तिनंच तं तोंड मिटलं," रुखमाबाई म्हणाली. "मले बाद्दात सांगतलं. लिहाच्या पेपरात हात थांबत नाही म्हने माह्यानं, पन बोलनं बंद ठेवता येते."

गुरुजींना आठवलं, तोंडीच्या दिवशी ते व्हरांड्यातून जाताना क्षणभर दारात थांबले होते. मुलगी मास्तरांपुढे हात मागे बांधून उभी होती आणि खिडकीबाहेर पाहत होती. "कुणाच्या घरचं सोंग आहे हे?" असं ते मोठ्यानं म्हणाले होते, आणि अख्खा वर्ग हसला होता.

त्यांनी घसा साफ केला. अशा वेळी त्यांना जे वाक्य नेहमी उपयोगी पडे, ते आपोआप आलं.

"बाई, ही शाळा आहे. बाजार नाही. इथं पास-नापास कुणाच्या सांगण्यावर ठरत नाही. मी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून कुणाचे गुण बदललेले नाहीत."

बोलता बोलता त्यांचा हात गुणपत्रकाच्या बाडावर पडला होता. तो त्यांनी उचलून घेतला. रुखमाबाईनं पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी नव्हती. मंडईत नासकं वांगं उलटसुलट करून परत ठेवावं, तसं तिनं त्यांना पाहिलं.

"मास्तर म्हनत होते, गुरुजीपाशी जाऊ नोको," ती म्हणाली. "मीच आली."

ती गेली. गडवा तिथेच राहिला. ताक उन्हात राहून आंबलं होतं, म्हणून संध्याकाळी गुरुजींनी ते कडुनिंबाच्या आळ्यात ओतून दिलं आणि गडवा आत घेतला.

निजामुद्दीन मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल भिंतीला लावत होते, तेव्हाच गुरुजींनी त्यांना गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं."

मास्तरांनी पँटला लावलेली चिमटी काढली. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही.

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीत? शून्य खोडायच्या आधी बोलायला तुमची जीभ झडली होती?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हसले असते, गुरुजी." मास्तर आवाज न चढवता बोलत होते, एस.टी.ची वेळ सांगावी तसं. "अन् मग संध्याकाळी सरपंचाच्या ओट्यावर सांगितलं असतं. तुम्ही सगळ्यांचंच सांगता. माझी हुस्नाबानो सासरहून परत आली, ते मी तुम्हाला रजा पाहिजे म्हणून सांगितलं होतं. फक्त तुम्हाला. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर लोक मला विचारून राह्यले होते, काहून मास्तर, जावई चांगला नाही, का तुमची पोरगी?"

गुरुजींना तो प्रसंग आठवला. ओट्यावर पाचसहा माणसं होती. गोष्ट रंगली होती. वाक्य त्यांचंच होतं: 'बापाला वर्ग सांभाळता येत नाही, पोरगी घर काय सांभाळणार.'

"घंटा द्या," ते म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवशी ते कुणालाच काही लागट बोलले नाहीत. भुईमुगाच्या मास्तरनं तर दोनदा दारात डोकावून पाहिलं, गुरुजींची तब्येत ठीक आहे ना.

महाराष्ट्र दिनाच्या सकाळी मैदानात सडा घातला होता. झेंडावंदन आणि निकाल एकदमच असे, म्हणजे लोकांना एकाच खेपेत बोलवता येई. उकंडराव फेटा बांधून आले होते. त्यांच्या बाजूला पाटावर पेढ्यांची परडी होती, वर केळीचं पान. सातवीचा निकाल लागला की ते पेढे वाटायचे होते. त्यांच्या मागे दोन अनोळखी माणसं बसली होती, एक म्हातारा आणि एक मध्यम वयाचा, तेल लावून भांग पाडलेला, हातात छत्री. छत्रीवाला माणूस पोरांच्या रांगांकडे पाहत होता. दुकानात आलेलं गिऱ्हाईक फळीकडे पाहतं तसा.

झेंडा वर गेला. पोरांनी गीत म्हटलं. मग गुरुजी टेबलामागे उभे राहिले आणि खालच्या वर्गापासून एकेक निकाल वाचू लागले. नाव पुकारलं की पोर उठे, पुढे येई, पास म्हटलं की उड्या मारत परत जाई. नापास म्हटलं की मागे बसलेला बाप खाकरे. दरवर्षीप्रमाणे गुरुजी प्रत्येक नावामागे काहीतरी जोडत होते: "पास. कसा झाला ते विचारू नका." "पास. आता बैलाला पाढे शिकव." लोक हसत होते. गुरुजींचं हे बोलणं ऐकायला काहीजण मुद्दाम येत.

सातवी आली. सेवालाल, पास. मेहरबी, पास. ग्यानबाची गंगू, पास.

पुढच्या नावाशी गुरुजी थांबले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. शाळेच्या भिंतीआड बायका उभ्या होत्या. त्यात कुणाकुणाचे पदर दिसत होते.

"वच्छला."

मुलगी उठून पुढे आली. उकंडरावांनी केळीचं पान बाजूला केलं.

"नापास."

रांगेच्या टोकाला उभे असलेले निजामुद्दीन मास्तर इतक्या झटक्यात वळले, की त्यांच्या हातातली शिट्टी खाली पडली.

"काहून?" उकंडराव म्हणाले. मग फेट्याला हात लावून पुन्हा, मोठ्यानं: "काहून नापास?"

"काहून म्हणजे?" गुरुजी म्हणाले आणि त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले. आवाज तोच होता, ज्याला गाव हसायला येई. "सरपंच, तोंडी परीक्षेत तुमच्या नातीच्या तोंडून अक्षर निघालं नाही. स्वतःचं नाव सांगता आलं नाही हिला. मास्तर साक्षीला आहेत. वर्षभर मी शिकवलं. समोर धोंडा ठेवून शिकवलं असतं तर धोंड्याला पाझर फुटला असता. हिला काही येत नाही. लिहिलं असेल कुणाचं पाहून, काय सांगावं!"

मागे कुणीतरी हसलं. मग दोघंतिघं.

"तुम्ही म्हणाल तर पास लिहितो," गुरुजी पुढे म्हणाले. "माझं काय जातं? पण उद्या ही सातवी पास म्हणून कुणाच्या घरी जाईल. तिथं कुणी लेकराचं पुस्तक पुढ्यात टाकलं आणि म्हटलं, वाच बाई. मग? नाव शाळेचं जाईल ते जाईल. लोक म्हणतील, उकंडरावांनी दगड शेंदूर फासून दिला."

छत्रीवाल्या माणसानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं छत्रीवाल्याकडे.

वच्छला टेबलापुढे उभी होती. गुरुजींना तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त भांग आणि वेणीच्या टोकाची निळी फीत दिसत होती. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. ती रडते आहे की काय ते त्यांना कळेना. त्यांनी कागद उलटला.

"जा," ते म्हणाले. "पुढचं नाव."

पेढे वाटले गेले नाहीत. उकंडराव कार्यक्रम संपायच्या आत उठले. पाहुणे त्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून. जाताना उकंडराव टेबलापाशी क्षणभर थांबले.

"गुरुजी," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमी लय शिकेल मानूस. पन तुमाले मानूस ओळखू येत नाही."

आठ दिवसांत बदल्यांच्या याद्या लागल्या. कारंज्याला दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. गुरुजींनी ऑफिसात कुणालाही काही विचारलं नाही.

सगळी सुट्टी ते कारंज्यातल्या घरी पंख्याखाली पडून होते. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता पत्नी म्हणाली, "इतक्या वर्षांत एक सरपंच सांभाळता आला नाही तुमाले?" गुरुजी नेहमीप्रमाणे काहीतरी लागट बोलणार होते. मग म्हणाले, "नाही आला." पत्नीनं लाटणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मे महिन्याच्या शेवटी ते बाजारात आंबे घेत होते, तेव्हा त्यांना तो माणूस दिसला. भांग पाडलेला, हातात तीच छत्री, पण आता ती उघडी होती. छत्रीखाली तो एकटाच चालत होता. त्याच्या मागून, उन्हात, हिरव्या चुड्यातली एक मुलगी येत होती. कडेवर एक पोर, दुसऱ्या पोराचं बोट हातात. ते पोर तिच्या खांद्याला लागत होतं. नऊवारी लुगडं तिला झेपत नव्हतं. दर चार पावलांनी ती निऱ्या सावरायला थांबे आणि मग पळत अंतर भरून काढी.

ती कुठल्या गावची, कुठल्या शाळेतून सातवी पास झाली होती, कोण जाणे. तिच्या हेडमास्तरांनी निकालाच्या दिवशी पेढाही खाल्ला असेल.

"घेता का गुरुजी?" आंबेवाली म्हणाली. "हात लावून लावून मऊ करून टाकले तुमी."

जूनमध्ये शाळा भरली. गुरुजी पुन्हा आसेगावला उतरून गाडीवाटेनं चिंचटेकला आले, तीच खोली झाडली, तोच स्टोव्ह पेटवला. गावानं त्यांना काही विचारलं नाही. उकंडराव ओट्यावर बसलेले असत. गुरुजी समोरून गेले की मान खाली घालून विड्याचं पान जुळवू लागत. निजामुद्दीन मास्तरांनी पहिल्या दिवशी त्यांच्या टेबलावर चहाचा ग्लास ठेवला आणि वर्गावर गेले. गुरुजींनी त्यांना बसा म्हणायचं ठरवलं होतं, पण तोवर ते निघून गेले होते.

सातवीचं गणित गुरुजींकडे होतं. सहावीतून वर आलेला वर्ग. आणि पहिल्या ओळीत, भिंतीशी, इतरांपेक्षा वीतभर उंच वच्छला. उकंडरावांनी तिला पुन्हा बसवलं होतं, आईनं सांगितलं होतं तसंच.

गुरुजींनी फळ्यावर व्याजाचं एक उदाहरण घातलं. पोरं पाट्यांवर वाकली, मग एकमेकांच्या पाट्यांवर वाकली. कुणाला जमेना. गुरुजींनी पाहिलं, वच्छलाची पाटी भरली होती. तिचा हात खांद्यापर्यंत वर आला आणि पुन्हा खाली गेला.

"सांग," गुरुजी म्हणाले.

ती उभी राहिली. पाटी छातीशी धरली. उत्तर सांगायच्या ऐवजी ती फळ्याकडे पाहत राहिली, मग त्यांच्याकडे.

"गुरुजी," ती म्हणाली, "मले खरंच काई येत नाही का?"

शेजारच्या खोलीतून निजामुद्दीन मास्तरांचा आवाज येत होता, कविता म्हणत असलेला. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. विचारण्यात उद्धटपणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती. सगळा उन्हाळा तिनं हाच प्रश्न घरात बसून, भाकऱ्या थापताना, शेण काढताना स्वतःला विचारला असावा. आणि उत्तर देणारं माणूस तिच्या माहितीत एकच होतं.

इथं बोललेलं जेवायच्या सुट्टीत घरोघरी पोचणार होतं. उकंडरावांच्या ओट्यावर तर त्याआधीच.

"येतं," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यानं तिचं झालं नव्हतं. ती उभीच राहिली.

"तुला सगळं येतं, वच्छला," ते म्हणाले. "तेव्हाही येत होतं. मी खोटं बोललो."

ती काही क्षण तशीच पाहत राहिली, उदाहरणाचा ताळा जुळतो का बघावं तशी. मग खाली बसली आणि पाटीवरचं उत्तर, कुणी न मागता, त्यांच्या बाजूला वळवून ठेवलं. ते बरोबर होतं.

मागच्या ओळीत खुसखुस झाली. कुणीतरी कुणाला तरी ढोसत होतं. मग भागिरथा उभी राहिली. भिवाजीची पोरगी, सहावीच्या निकालाला गुरुजींनी तिच्या नावामागे जे जोडलं होतं, त्याला गाव सर्वांत जास्त हसलं होतं. तिची पाटी कोरी होती आणि तिनं ती पाठीमागे लपवली होती.

"अन् मले, गुरुजी?" ती म्हणाली.

नेहमीचं उत्तर गुरुजींच्या जिभेवर तयार होतं. वर्गालाही ते माहीत होतं. दोनतीन पोरांनी हसायला तोंडं उघडलीच होती. गुरुजींनी हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला आणि बोटं धोतराला पुसली.

"पाटी घेऊन पुढं ये," ते म्हणाले. "बघू."